चार मिनिटांचा गारवा

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या दीडशे, बायका अडीचशे. उरलेल्या शंभर जणी भिंतींना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, दारात. बहुतेक सगळ्या पंचेचाळीस ते साठच्या मधल्या. रविवारची सकाळ होती. तयार कपड्यांच्या कारखान्याचा हा जेवणाचा हॉल. मालकाच्या सासूबाईंना गुण आला म्हणून मालकाने तो गारवामाईंना दर रविवारी वापरायला दिला होता. सासूबाई ऐंशीच्या होत्या. त्यांना नेमका कसला गुण आला, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

गारवामाई स्टेजवर बसल्या होत्या. पांढरे कपडे, पांढरे केस आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. "साठी उलटली, पण माझ्या अंगाला घाम माहीत नाही," असं त्या सांगायच्या. खरंच होतं ते. हॉलमधला एकुलता एक कूलर त्यांच्याच खुर्चीमागे, पडद्याआड घरघरत होता.

"बायांनो," माई म्हणाल्या, "बाईच्या पोटात तीस-पस्तीस वर्षं एक दिवा जळत असतो. पाळी गेली की दिव्याचं काम संपलं. पण तो विझवायला तुम्हाला कुणी शिकवलंय का? नाही! मग तो दिवा काय करतो? अंगभर हिंडतो. छातीत जातो, मानेत जातो, डोक्यात जातो. आणि डॉक्टर काय करतात? तपासतात! दिवा कधी तपासून विझलाय का? दिव्याला फुंकर लागते, फुंकर!"

टाळ्या पडल्या. मीही हसत हसत दोन वाजवल्या. बाईला बोलता येत होतं हे कबूल करायला हवं.

मी त्या कारखान्यातली नव्हे. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मी वीस वर्षं फार्मासिस्ट आहे. कारखान्यातल्या बायका मला गोळीवाली म्हणतात. मला हॉलवर ओढून आणलं होतं बटणवालीने, म्हणजे बटणं लावायच्या मशीनवर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीने. "तू सगळ्यांची टिंगल करतेस. एकदा डोळ्यांनी बघ, मग तोंड उघड," असं तिने मला बजावलं होतं. तोंड उघडायचं आमंत्रण मी सहसा नाकारत नाही.

"कुणाची भट्टी पेटलीय?" माईंनी हाक दिली. "आत्ता, या घडीला?"

भट्टी हा कारखान्यातला शब्द. पाळी जाण्याच्या सुमाराला बाईच्या छातीतून एकदम गरम वाफ उठते, चेहरा लालबुंद होतो, घामाने कपडे भिजतात, काळीज धडधडतं. याला डॉक्टर हॉट फ्लश म्हणतात. खिडक्या बंद केलेल्या हॉलमध्ये या वयाच्या अडीचशे बायका कोंबल्या, तर कुणाची ना कुणाची भट्टी पेटणारच. त्याला माई कशाला लागतात?

पुढच्या रांगेतून एक बाई उठली. मान घामाने चिंब, कपडे पाठीला चिकटलेले. दोघींनी तिला हात देऊन स्टेजवर चढवलं. माईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, तिच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं आणि डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. "शीतळ शीतळ, आतली ज्वाळा शीतळ." एकशे एक वेळा. मी सवयीने घड्याळ बघितलं. पुटपुटणं संपलं तेव्हा चार मिनिटं आणि वर काही सेकंद झाले होते. बाईचे आखडलेले खांदे सैल पडले होते. आता तिला उलट थंडी वाजत होती. ती रडायला लागली आणि डोळे पुसत आमच्याकडे वळली.

ती माझी ताई होती.

*

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझा अभ्यास तिने घेतला, माझं लग्न मोडलं तेव्हा "बरं झालं, तुझ्या तोंडापुढे तो टिकला नसता," असं म्हणून मला हसवलं ते तिनेच. मला ती धाकटे अशी हाक मारायची. कारखान्यात ती कापणी खात्यात होती आणि त्या खात्यातली ती एकटीच बाई. लांब टेबलावर कापडाचे ऐंशी ऐंशी थर पसरायचे, वर कागदी नमुना ठेवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन रेषेवरून फिरवायचं. एका फेरीत ऐंशी शर्टांच्या बाह्या. तिची रेघ कधी चुकली नव्हती.

त्या खात्यात पंखा लावत नाहीत. वाऱ्याने वरचे थर सरकतात. पन्नाशीची बाई, भर उन्हाळा, बंद खोली, डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा आणि पंखा नाही. गेल्या वर्षभरात तिला दिवसातून दहा-बारा वेळा भट्टी यायची, रात्री दोनदा चादर बदलावी लागायची, हे मला नंतर कळलं. एकदा पातं चालू असताना वाफ उठली, डोळ्यांत घाम गेला आणि ऐंशी बाह्या तिरप्या कापल्या गेल्या. खातेप्रमुख म्हणाला, "वय झालं, आता घड्या घालायच्या टेबलावर बसा." ती त्याच्या हातापाया पडली. हेही मला नंतरच कळलं. मी तिची सख्खी बहीण, औषधाच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या बहिणींना सल्ले देत होते.

पण त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. ताईला स्टेजवर बघून माझं डोकं फिरलं. माझी बहीण, आणि या असल्या बाईच्या नादाला? मी उभी राहिले.

"माई, एक विनंती आहे. पुढच्या बाईच्या वेळी तुम्ही काही पुटपुटू नका. नुसत्या गप्प बसा. मी घड्याळ लावते."

"श्रद्धा नसलेल्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरतात, बाळ," माई म्हणाल्या.

"फिरू देत ना! उलटे फिरले तर मीही तरुण होईन."

हॉलमध्ये खसखस पिकली. लोकांना गंमत हवी असते, मग ती कुणाचीही असो. "होऊ दे, होऊ दे!" असा गलका झाला. दहा मिनिटांत दुसऱ्या एका बाईची भट्टी पेटली. माईंना नाइलाजाने ओठ मिटून बसावं लागलं. मी मोठ्याने मिनिटं मोजत होते. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत ती बाई आपोआप गार झाली.

"बघितलंत? ही वाफ येते आणि तीन-चार मिनिटांत आपली आपण जाते. मंत्र बरोबर तेवढाच लांब ठेवलाय. पाऊस थांबत आला की हात वर करायचे आणि म्हणायचं, मी थांबवला!"

हशा आणि टाळ्या. मला जोर चढला. तिथे थांबायला हवं होतं, पण माझी जीभ कुठली थांबतेय? मी म्हणाले, "आणि आधीच्या बाई! चार मिनिटांच्या घामासाठी स्टेजवर चढल्या आणि वर रडल्याही!"

हॉल खो-खो हसला. पुढच्या रांगेत ताईने मान खाली घातली होती. 'आधीच्या बाई' असं मी माझ्या बहिणीला म्हटलं, कारण ती माझी बहीण आहे हे त्या गर्दीत कबूल करायची मला लाज वाटली.

मी तिला रस्त्यावर गाठलं. ती भरभर चालत होती.

"ताई, अगं थांब. मी त्या बाईला उघडं पाडत होते, तुला नाही."

"मला बरं वाटलं होतं," ती न थांबता म्हणाली. "वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी हात धरून विचारलं, फार त्रास होतो का गं. तुला घड्याळ दिसलं."

"पण ती फसवत होती!"

"असेल. तू तरी कुठे विचारलंस?"

ती रस्ता ओलांडून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. बरी आहेस ना? बरी आहे. जेवलीस? जेवले. रुसवा जाईल आठ दिवसांत, असं मी धरून चालले. ताईचा रुसवा दोन वर्षं टिकला.

*

माझ्या घड्याळाने माई खचतील असं मला वाटलं होतं. पण त्या मुरलेल्या होत्या. मंत्र चालेनासा झाला तशी त्यांनी दोन महिन्यांत नवी वस्तू आणली. शीतळचूर्ण. सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. पांढरी पूड, पुदिन्याचा वास आणि मधूनमधून चमकणारे गुलाबी कण. "हे गुलाबी कण म्हणजे कमळाचा पराग. पहाटे, कमळ उमलायच्या आत काढलेला," माई सांगायच्या. उमलायच्या आत पराग कसा काढतात, तेही कुणी विचारलं नाही.

आणि चूर्णाने गुण येत होता. खरा गुण. तीन-चार आठवड्यांत भट्ट्या कमी व्हायच्या, झोप लागायची, चिडचिड ओसरायची. बटणवाली दुकानात येऊन मला म्हणाली, "आता मोज की तुझ्या घड्याळात! महिनाभर मला एकदासुद्धा घाम नाही."

मी म्हटलं, "योगायोग. मनाचे खेळ." इतकंच. वीस वर्षं औषधं विकणाऱ्या माझ्या डोक्यात हे शिरलं नाही की महिनाभर बायकांच्या भट्ट्या बंद पाडणारी पूड मनाचा खेळ नसते. खोट्यात खरं मिसळलेलं असू शकतं, ही शंका मला यायला हवी होती. पण एकदा जिंकलेला वाद माणसाला आळशी करतो. मला वाटलं, माईंचं बिंग मी फोडलेलं आहे, आता पुन्हा काय बघायचं?

ताईही चूर्ण घेत होती. तिचा हात पुन्हा स्थिर झाला. रेघ सरळ येऊ लागली, घड्यांच्या टेबलाचं नाव निघेनासं झालं. चिमटीने एवढं बरं वाटतं तर चमच्याने किती वाटेल, असा हिशोब करून ती चमचा चमचा घेऊ लागली.

चूर्ण सुरू केल्याच्या दहाव्या महिन्यात तिला रक्त गेलं. पाळी थांबून तोवर अडीच वर्षं झाली होती.

माईंनी ते ऐकलं आणि ताईला छातीशी धरलं. पुढच्या रविवारी तिला स्टेजवर नेलं. "बघा! उलटा फिरला काळाचा काटा! हिचं तारुण्य परत आलं!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणखी काही जणींना असंच झालं होतं. त्यांना माईंनी 'फुललेल्या' असं नाव दिलं आणि बजावलं, "ही गोष्ट हॉलच्या बाहेर न्यायची नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, डॉक्टरला तर नाहीच. बोललात की गुण गेला." फुललेल्यांना पहिल्या रांगेत बसायचा मान होता. जिच्यावर एके दिवशी सगळा हॉल हसला होता, तिला त्याच हॉलमध्ये मान मिळाला. तो तिने का नाकारावा?

*

त्या पहिल्या रक्तानंतर चौदा महिन्यांनी भावोजींचा फोन आला. भावोजी शाळेची गाडी चालवतात. मुलखाचे अबोल. "ती तुला बोलवू नको म्हणते," ते म्हणाले, "पण तू ये."

ताई पलंगावर होती. कापणीच्या टेबलाशी उभ्या उभ्या कोसळली होती. चेहरा कागदासारखा पांढरा, नखांत रक्ताचा अंश नाही. मी तिच्या पायांशी बसले. या खेपेला माझ्या तोंडातून वेडंवाकडं काही आलं नाही, ते फार उशिरा सुचलेलं शहाणपण.

"ताई, काय होतंय?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "रक्त जातंय."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

"वर्ष? अगं ताई, वर्षभर? मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

भावोजी दारात उभे होते, तेही ऐकत होते. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

कपाटात चूर्णाचा डबा सापडला. मी ती पूड मलमलीच्या फडक्यातून चाळली. पांढरं खाली पडलं, गुलाबी कण वर राहिले. चिमटीत धरून बघितले तर ते पापुद्रे होते. पातळ, एका बाजूने गुळगुळीत. गोळीवरच्या रंगीत आवरणाचे पापुद्रे मी वीस वर्षांत हजार वेळा बघितले आहेत. गोळी कुटली की आतला भाग पीठ होतो, आवरण मात्र असं फाटून राहतं. तळाशी एक अर्धवट चिरडलेला तुकडा होता आणि त्यावर मधोमध आडवी रेघ होती. गोळीचे दोन भाग करता यावेत म्हणून औषधांच्या कारखान्यात पाडतात तशी. कमळाच्या परागावर रेघ मारायला कोण जातं?

डॉक्टरबाईंनी पूड प्रयोगशाळेत पाठवली आणि ताईची सोनोग्राफी केली. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासणीला दिला. आठवड्याने दोन्ही अहवाल आले. पुडीत स्त्रीसंप्रेरक होतं, इस्ट्रोजेन. दुसरा अहवाल कर्करोगाचा होता आणि सोनोग्राफीत तो रोग पिशवीबाहेर पसरलेला दिसला होता.

"पाळी जाते तेव्हा हे संप्रेरक शरीरात कमी होतं," डॉक्टरबाई ताईला समजावत होत्या. त्या ताईशी बोलत होत्या, माझ्याशी नाही, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. "त्यामुळे या वाफा, घाम, झोप न लागणं, धडधड. तुमच्या मनाचे खेळ नव्हेत ते. ज्यांना फार त्रास होतो त्यांना आम्हीही हेच संप्रेरक देतो. पण मोजून, तपासून. आणि जिची गर्भपिशवी जागेवर आहे तिला एकटं कधीच देत नाही, जोडीला दुसरं संप्रेरक देतो. नुसतं पहिलंच घेत राहिलं तर आतलं अस्तर वाढत जातं, जाड होतं. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तुम्हाला केवळ चूर्णामुळेच झाला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच आला असतात, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

ताईने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "अस्तर कापडापेक्षा मोठं कापलं गेलं की झोळ येतो. उसवून काढावंच लागतं."

"आता उसवून सगळं निघणार नाही, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

"पण मग मला साध्या उपायांनी बरं वाटलं असतं का? सुरुवातीला?"

डॉक्टरबाईंनी खोटं सांगितलं नाही. "बरंच कमी झालं असतं. सुती, सैल, एकावर एक काढता येतील असे कपडे. कडक चहा-कॉफी आणि तिखट कमी. वाफ येतेय असं वाटलं की हळू, खोल श्वास. रोजचं चालणं. झोपायची खोली गार. कामाच्या जागी हवा. एवढ्याने भागलं नसतं तर औषधं होती, संप्रेरकाची आणि त्यावाचूनचीही."

"कामाच्या जागी हवा," ताई म्हणाली. "थरांवर चार वजनं ठेवली असती तर पंखा लावता आला असता. मी मागितलाच नाही. कारण सांगावं लागलं असतं."

*

गर्भपिशवी काढायची शस्त्रक्रिया ठरली. तिच्या आधीच्या रविवारी ताई म्हणाली, "मला हॉलवर ने."

"ताई, तुला उभं राहवत नाही. मी जाते, मी सांगते."

"तू सांगितलंस की त्या हसतील. मग घरी जाऊन चूर्ण घेतील. मला ने."

भावोजींनी तिला गाडीतून आणलं आणि खुर्चीसकट आत उचलून नेलं. हॉल नेहमीसारखाच भरलेला होता. पहिल्या रांगेतल्या फुललेल्या तिला बघून उठून उभ्या राहिल्या. माईंनी हात पसरले. "आली माझी फुललेली लेक! जरा अशक्त झालीय. शुद्धी चाललीय तिची, शुद्धी!"

मी टेबलावर डॉक्टरबाईंकडून आणलेल्या त्याच संप्रेरकाच्या गुलाबी गोळ्या ठेवल्या, खलात कुटल्या, त्यात पुदिन्याचं सत्त्व आणि थोडं पीठ मिसळलं आणि ही पूड एका कागदावर ओतली. शेजारच्या कागदावर माईंचं चूर्ण. दोन्ही कागद पहिल्या रांगेत फिरवले.

"यातलं माईंचं कुठलं?" ताईने विचारलं.

बायकांनी हुंगून पाहिलं, चिमटीत घेतलं. दोन्हींत गुलाबी पापुद्रे, दोन्हींना सारखाच वास. कुणालाच सांगता येईना. बटणवालीने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि मान हलवून कागद पुढे दिले. मी दोन्ही कागदांतलं कुठलं काय आहे ते सांगितलं आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचून दाखवला.

माई क्षणभरच गडबडल्या. मग हसल्या. "बरं, गोळ्या तर गोळ्या! पण गुण आला ना? निसर्गाने डॉक्टरच्या हातून दिलं काय आणि माझ्या हातून दिलं काय!"

मागून एक बाई ओरडली, "खरंय! आम्हाला झोप लागते आता. मग बिघडलं काय?"

पुष्कळ माना डोलल्या. हेच वाक्य मला माझ्या घड्याळाने कधी खोडता आलं नसतं.

"माझं बिघडलं," ताई म्हणाली.

आवाज बारीक होता. ऐकायला मागच्या बायका पुढे सरकल्या.

"गुण आला, खोटं कशाला बोलू? वर्षभर मला माणसासारखं वाटलं. पण ते रक्त माझं तारुण्य नव्हतं गं. मला कर्करोग झालाय आणि तो पसरलाय. पहिल्या डागाला मी डॉक्टरकडे गेले असते तर बहुतेक वाचले असते. मी लपवलं. माईंनी सांगितलं म्हणून लपवलं आणि इथे मान मिळत होता म्हणूनही लपवलं." तिने दम घेतला. "आपल्याला त्रास होतो तो खरा आहे. त्याला औषध आहे. पण ते पडद्याआड बसून कुटलेलं नको. आता सांगा, अजून कुणाला रक्त जातंय?"

कुणी हललं नाही. पडद्यामागचा कूलर घरघरत होता. माई म्हणाल्या, "बोललात की गुण—"

"जाऊ दे गुण!" बटणवाली उभी राहिली. "मला जातंय. चार महिने झाले."

मग पहिल्या रांगेतल्या आणखी दोघी उठल्या. मग मागची एक. भिंतीशी उभी असलेली एक जण नुसता हात वर करून रडायला लागली. एकूण सात जणी झाल्या. त्याच आठवड्यात सातही जणी डॉक्टरबाईंकडे गेल्या. तिघींचं अस्तर वाढलेलं निघालं, पण ते वेळेत कळलं. बटणवाली त्यांतलीच एक. तिच्यावर उपचार झाले आणि ती आज आपल्या मशीनवर आहे.

माईंच्या घरी औषध निरीक्षकांना एक मोठा मिक्सर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेल्या तीन गोण्या सापडल्या. खटला चालू आहे. मला त्याचा आनंद होत नाही.

ताई शस्त्रक्रियेनंतर पाच महिने होती. मी दुकानातून सुटले की तिच्याकडे जायचे. एका संध्याकाळी तिची पाठ पुसताना मी तिला म्हणाले, "ताई, त्या दिवशी हॉलमध्ये मी चुकले."

"तू चुकली नव्हतीस," ती म्हणाली. "ती फसवतच होती. फक्त तू तिचं खोटं काढून घेतलंस आणि आमच्या हातात दुसरं काही दिलं नाहीस. मग आम्ही रिकाम्या हाताने कुठे जाणार, धाकटे?"

तिला राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती गेली तेव्हा चोपन्न वर्षांची होती.

मी आजही बुवा-माईंची बिंगं फोडते. मंत्राने घाम थांबत नाही, कमळाच्या परागाने वय उलटत नाही, आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तो चमत्कार नसतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, हॉलांमध्ये जाऊन सांगते. पण चमत्कार खोटा ठरला म्हणून त्यामागचा त्रास खोटा ठरत नाही. तो तसाच उरतो आणि नवा भोंदू शोधत निघतो. म्हणून तुम्हाला एक मागते. तुमच्या घरात, तुमच्या शेजारच्या टेबलावर पन्नाशीच्या आसपासची बाई असेल, तिला आज विचारा. झोप लागते का, अंगाची लाही होते का, काही दुखतंखुपतं का. ती 'काही नाही' म्हणेल. थोड्या वेळाने पुन्हा विचारा. आणि ती सांगू लागली, की मध्ये बोलू नका.